नाका उठला, वही राहिली



सरकारला कागद फार लागतात, ही तक्रार आपल्या कार्यक्षेत्रातल्या कुठल्याही गावच्या पारावर ऐकायला मिळते. ऊसनोंदीचा कागद, सात-बाराचा उतारा, सोसायटीचा दाखला, बँकेचे पासबुक. तक्रार काही खोटी नाही. पण तिला जोडून अलीकडे आणखी एक वाक्य हमखास येते. "तिकडं युरोपात बघा. २७ देश आहेत, पण या देशातून त्या देशात माल न्यायचा तर ना नाका, ना फाटक, ना कुणी विचारणारा!"

यातले नाका आणि फाटक यांबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. 'कुणी विचारणारा नाही' हे मात्र बरोबर नाही. युरोपातला विचारणारा रस्त्यावरून उठला आणि व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या टेबलाशी येऊन बसला, एवढाच फरक झाला. ही हिशेबाची वही का राहिली, ती कोण लिहितो, तिच्यातून शेतकऱ्याला काय मिळते आणि तिच्यात खोट कुठे आहे, हे आपण समजून घ्यावे म्हणून हा लेख. आपल्यातले काहीजण उसाबरोबर द्राक्षेही पिकवतात आणि ती युरोपात जातात. भारताची साखरही थोडीफार तिकडे जाते. तेव्हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

नाक्यावरचा कागद

१९९२ सालच्या अखेरपर्यंत युरोपातल्या दोन शेजारी देशांमध्येही जकातीचे नाके होते. फ्रान्समधून जर्मनीत निघालेली मालाची गाडी सीमेवर थांबायची, कागद दाखवायची, शिक्का घ्यायची आणि मग पुढे जायची. १९८८ पासून तिथे निरनिराळ्या कागदांऐवजी एकच समान नमुन्याचा कागद आला. त्याने सोय झाली, पण गाडी नाक्यावर थांबणे काही चुकले नाही.

या नाक्याचा एक उपयोग मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नसे. नाक्यावर दिलेल्या कागदाची नक्कल सांख्यिकी कार्यालयात जात असे. कोणत्या देशातून कोणता माल किती आला, कुठे किती गेला, किती किमतीचा होता, हा सगळा देशाचा हिशेब त्या नकलांवरून तयार होई. म्हणजे नाका हा देशाचा वजनकाटाही होता.

१ जानेवारी १९९३ रोजी तिथे एकसंध बाजारपेठ सुरू झाली आणि सदस्य देशांमधले जकातीचे कागद बंद झाले. गाड्या सुसाट निघाल्या. पण काटाच उचलून नेल्यावर हिशेब कशावरून लावायचा, हा प्रश्न होता. तो आधीच ओळखून ७ नोव्हेंबर १९९१ रोजी एक कायदा करून ठेवलेला होता. त्याप्रमाणे जो व्यापारी शेजारच्या सदस्य देशाला माल पाठवतो किंवा तिथून आणतो, त्याने स्वतःच दरमहा त्याचे पत्रक भरून द्यायचे. या व्यवस्थेचे नाव 'इंट्रास्टॅट'. पुढे २००४ साली हा कायदा नव्याने लिहिला गेला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो उद्योगधंद्यांच्या आकडेवारीच्या एका मोठ्या कायद्यात सामावला गेला. नियम बदलत गेले, पण दरमहाचे पत्रक चालू राहिले.

पत्रकात काय असते

आपल्याच धंद्यातले उदाहरण घेऊ. नेदरलँड्समध्ये 'कोसून' नावाची बीट उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. आपण उसाचे सभासद, ते बीटाचे. समजा, तिच्या दिन्तेलोर्डच्या कारखान्यातून २५ टन पांढरी साखर जर्मनीतल्या एका बिस्किट कारखान्याला गेली. गाडी सीमेवर थांबणार नाही. पण महिना संपल्यावर कोसूनच्या कचेरीत त्या जावकेची नोंद पत्रकात करावी लागेल.

पहिली नोंद मालाच्या क्रमांकाची. युरोपात पांढऱ्या साखरेचा आठ आकडी क्रमांक १७०१९९१० असा आहे. यातले पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात. आपल्या कारखान्याच्या साखर विक्रीच्या बिलावर जीएसटीसाठी १७०१ हा जो आकडा छापलेला असतो, तो याच कुळातला. मग निव्वळ वजन किलोमध्ये, बिलाची किंमत, माल कोणत्या देशाला गेला, व्यवहार विक्रीचा आहे की परत आलेल्या मालाचा, की नुसता प्रक्रियेसाठी पाठवलेल्या मालाचा. २०२२ पासून जावकेच्या पत्रकात आणखी दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या. एक, घेणाऱ्याचा व्हॅट क्रमांक. दुसरी, माल मुळात कोणत्या देशात तयार झाला, त्या देशाचे नाव. ही दुसरी नोंद आपल्या कामाची आहे. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

तिकडे जर्मनीतल्या बिस्किट कारखान्यानेही, त्याची खरेदी ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर, याच मालाची आवक आपल्या पत्रकात दाखवायची. जर्मनीत हे पत्रक वीसबाडेन इथल्या सांख्यिकी कार्यालयाकडे पुढल्या महिन्याच्या दहाव्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचावे लागते. पत्रक घेणारे कार्यालय देशागणिक वेगळे असते. बेल्जियममध्ये ते काम तिथली राष्ट्रीय बँक करते, इटलीत जकात खाते करते. पत्रक चुकवले तर दंडाची तरतूद असते.

दोन बाजूंची वही

आता कुणी म्हणेल, एकाच मालाची नोंद दोघांकडून कशाला? याचे उत्तर कुठल्याही ऊस उत्पादकाला सांगायला नको. काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन होते, रिकाम्या गाडीचे वजन होते, पावतीची एक प्रत आपल्याकडे असते आणि एक कारखान्याकडे. दोन्ही जुळल्या तरच बिल बिनबोभाट निघते. एकाच बाजूची पावती असेल तर तिच्यावर भरवसा ठेवावा लागतो. दोन बाजूंच्या असतील तर तपासता येते. नेदरलँड्सची जर्मनीकडे जावक आणि जर्मनीची नेदरलँड्सकडून आवक हे आकडे तत्त्वतः सारखे यायला हवेत. प्रत्यक्षात ते पुरते कधीच जुळत नाहीत. कुणाचा महिना चुकतो, कुणाचा मालक्रमांक चुकतो, कुणी मर्यादेखाली असल्यामुळे पत्रकच भरत नाही. पण तफावत कुठे आणि किती आहे, हे दिसते. तफावत दिसणे हेच मोठे काम आहे.

नाके उठल्याचा फायदा घेणारे लबाडही निघालेच. युरोपात शेजारच्या सदस्य देशातल्या व्यापाऱ्याला माल विकला तर विकणाऱ्याच्या बिलावर कर लागत नाही. तो कर घेणाऱ्याने आपल्या देशात भरायचा. काही ठगांनी काय केले, बिनकराचा माल आणला, आपल्या देशात कर लावून विकला, गिऱ्हाइकाकडून कराची रक्कम घेतली आणि ती सरकारात न भरता दुकान बंद करून पसार झाले. मोबाइल फोन आणि संगणकाच्या चिपा हा यातला आवडता माल. वजनाला हलका, किमतीला भारी. तोच माल पुन्हा बाहेर पाठवायचा, पुन्हा आणायचा, रहाटाच्या गाडग्यांसारखा फिरवत ठेवायचा.

ही लबाडी आकड्यांतही उमटली. पसार होणारा ठग आवकेचे पत्रक कशाला भरतो? त्यामुळे ब्रिटनच्या बहीत माल बाहेर गेलेला दिसे, पण आत आलेला दिसत नसे. जुलै २००३ मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाला मागच्या काही वर्षांचे आयातीचे आकडे वाढवून दुरुस्त करावे लागले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असे आपण म्हणतो. दुसऱ्या बाजूची वही नसती तर किती पीठ गेले हेही कळले नसते.

यात शेतकऱ्याचे काय

युरोपात ३० सप्टेंबर २०१७ पर्यंत साखर उत्पादनाचे कोटे होते आणि कोट्यातल्या बीटाला टनाला २६.२९ युरो असा किमान दर कायद्याने बांधलेला होता. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गेले. आता बीटवाला शेतकरी आणि कारखाना यांनी आपापसांत करार करायचा. काही करारांत बीटाचा दर साखरेच्या बाजारभावाशी जोडलेला असतो. अशा वेळी बाजारात साखर किती आहे, कोणत्या देशातून कुठे चालली आहे, भाव काय आहे, हे फक्त कारखान्याच्या साहेबांना माहीत असून कसे चालेल? शेतकऱ्यालाही ते माहीत हवे. म्हणून २०१७ सालीच युरोपीय आयोगाने साखर बाजाराची एक निरीक्षण व्यवस्था सुरू केली. साखरेचे सरासरी भाव, साठा, उत्पादन, आवक-जावक हे आकडे तिथे कुणालाही पाहायला मिळतात. एकट्या कारखान्याचे गुपित उघडे पडत नाही, पण एकूण चित्र सगळ्यांसमोर येते. देशादेशांतला साखरेचा ओघ समजतो तो या मासिक पत्रकांमुळेच.

आकड्याची ताकद किती असते, याचे आणखी एक उदाहरण. युद्धाच्या संकटामुळे जून २०२२ पासून युरोपीय संघाने युक्रेनच्या मालावरची जकात उठवली. तिथली साखर मोठ्या प्रमाणावर आत येऊ लागली आणि बीट उत्पादकांची ओरड सुरू झाली. नुसत्या ओरडीने काम झाले नाही. २०२४ मध्ये नियम असा करण्यात आला की ठरावीक मालांची आवक मागच्या काळाच्या सरासरीपेक्षा वर गेली की सवलत थांबवायची. साखरेची ती मर्यादा अडीच लाख टनांहून थोडी अधिक होती. जुलै २०२४ मध्येच ती ओलांडली गेली आणि ब्रेक लागला. हा माल संघाबाहेरून येणारा, त्यामुळे त्याची मोजणी जकातीच्या कागदांवरून झाली, मासिक पत्रकावरून नव्हे. पण तत्त्व एकच. मोजलेले होते म्हणून थांबवता आले. युक्रेनच्या शेतकऱ्याची बाजूही आहेच, त्याचाही संसार आहे. मोजणी असली की दोघांना एकाच आकड्यावर बोट ठेवून बोलता येते.

बोजा कुणाच्या पाठीवर

आता दुसरी बाजू. पत्रक भरायला माणूस लागतो, वेळ लागतो, मालाचे क्रमांक माहीत असावे लागतात. मोठ्या कंपनीला त्याचे काही वाटत नाही, तिच्याकडे खातेच्या खाते असते. पण वर्षाला चार गाड्या चीज शेजारच्या देशात पाठवणाऱ्या लहान डेअरीने काय करायचे? सुक्याबरोबर ओलेही जळावे, असा नियम असेल तर तो नियम वाईट.

युरोपीय व्यवस्थेत याला एक चांगला उपाय आहे. प्रत्येक देश एक मर्यादा ठरवतो. वर्षाची आवक किंवा जावक तिच्या खाली असेल तर सांख्यिकीचे पत्रक भरायचे नाही. मर्यादा किती ठेवायची, हेही मनमानीने ठरत नाही. २००४ च्या कायद्यात अट होती की पत्रके भरणारे एवढे असावेत की व्यापाराच्या एकूण मूल्यापैकी किमान ९७ टक्के मूल्य त्यांच्यात यावे. आवकेच्या बाजूची अट २००९ मध्ये ९५ आणि २०१४ मध्ये ९३ टक्क्यांवर आणली. व्यापाराचा मोठा भाग थोड्याच मोठ्या व्यापाऱ्यांच्या हातात असतो. त्यांना विचारले की बहुतेक सगळा हिशेब हाती येतो. उरलेल्या थोड्यासाठी लहानांच्या दारात जायची गरज नाही.

जर्मनीने तर १ जानेवारी २०२५ पासून मर्यादा चांगल्याच वाढवल्या. जावकेची ५ लाख युरोवरून १० लाख आणि आवकेची ८ लाखांवरून ३० लाख युरो. हे शक्य होते त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. २०२२ पासून जावकेच्या पत्रकांतली माहिती सदस्य देश एकमेकांना देतात. म्हणजे नेदरलँड्सच्या विकणाऱ्याने जे लिहून दिले, ते जर्मनीच्या कार्यालयाला आयते मिळते. मग तेच जर्मनीतल्या प्रत्येक घेणाऱ्याला पुन्हा विचारायची गरज कमी होते. दोन बाजूंची वही मोठ्यांपुरती राहते आणि लहानाची सुटका होते.

एवढी साधी गोष्ट सुचून अंमलात यायला १९९३ पासून जवळपास ३० वर्षे लागली. ही या व्यवस्थेतली खोट. दुसरी खोट म्हणजे तेच ते दोनदा लिहिणे. सांख्यिकीचे पत्रक वेगळे आणि व्हॅटसाठी कोणत्या गिऱ्हाइकाला किती विकले याचे गोषवारा पत्रक वेगळे. फ्रान्समध्ये अनेक वर्षे ही दोन्ही कामे एकाच कागदात भागत होती. जानेवारी २०२२ पासून तिथे उलट त्याचे दोन कागद झाले, एक सांख्यिकीचा आणि एक कराचा. नियम नीटनेटके झाले असतील, पण कारकुनाला विचारा! ११ मार्च २०२५ रोजी संघाने व्हॅटच्या नव्या नियमांना मंजुरी दिली आहे. त्याप्रमाणे १ जुलै २०३० पासून सीमेपलीकडच्या व्यापारी विक्रीचे बिलच संगणकावर निघेल, त्यातली माहिती परस्पर कर खात्याकडे जाईल आणि गोषवारा पत्रक बंद होईल. सांख्यिकीचे पत्रक मात्र त्याने आपोआप बंद होत नाही. बिलात सगळे लिहून दिल्यावर तेच महिन्याच्या शेवटी पुन्हा मागायचे की नाही, हा प्रश्न तिथल्या व्यापाऱ्यांनी जोरात विचारला पाहिजे.

वही टाकून दिली तर

कुणी म्हणेल, मग या जंजाळातून बाहेरच पडावे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडले. संक्रमणाचा काळ त्या वर्षाच्या अखेरीस संपला. कागदांचा जाच कमी होईल, असे तिथे पुष्कळांना वाटत होते. झाले उलटे. १ जानेवारी २०२१ पासून युरोपशी होणाऱ्या व्यापाराला पुन्हा जकातीचे कागद आले. पूर्वी महिन्याला एक पत्रक होते, तेही मर्यादेच्या वर असणाऱ्यालाच. आता प्रत्येक खेपेला कागद, मग व्यापारी लहान असो की मोठा. त्यात २०२१ हे वर्षभर युरोपातून ग्रेट ब्रिटनमध्ये येणाऱ्या मालाचे जुने मासिक पत्रकही चालूच होते. उत्तर आयर्लंडचा युरोपीय संघाशी होणारा मालाचा व्यापार आजही इंट्रास्टॅटमध्ये मोजला जातो.

या फारकतीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. भारताच्या साखरेला युरोपात सवलतीच्या जकातीचा वर्षाला १०,००० टनांचा कोटा होता. आकडा लहान, पण बाजार चांगला. १ जून २०२२ पासून आपल्या सरकारने साखर निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हाही युरोप आणि अमेरिकेच्या सवलतीच्या कोट्यातली साखर त्यातून वगळली होती. ब्रिटन बाहेर पडल्यावर संघाच्या अशा कोट्यांची वाटणी करावी लागली. ती कशावरून केली? २०१३ ते २०१५ या तीन वर्षांत त्या कोट्यातला माल संघाच्या कोणत्या भागात किती गेला होता, त्या जुन्या नोंदींवरून. त्यानंतर युरोपीय संघासाठी भारताच्या वाट्याला वर्षाला ५,८४१ टन आले. ज्या कारकुनाने २०१३ साली कुठल्याशा बंदरात आपल्या साखरेची नोंद केली, त्याला काय ठाऊक की या नोंदीवरून पुढे वाटणी होणार आहे! जमिनीच्या वाटपात जुना फेरफार निघतो, तसेच हे.

आपण यातून काय घ्यायचे

आपल्याकडेही हा प्रयोग झालेला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठत गेले. ट्रकवाल्यांचा वेळ वाचला. पण १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांवरच्या मालाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना ई-वे बिल लागू झाले. इथेही नाका उठला आणि वही राहिली. फरक एवढाच की युरोपातली सांख्यिकीची मर्यादा वर्षाच्या एकूण व्यापारावर धरतात, आपल्याकडची प्रत्येक खेपेवर धरतात. लहान माणसाला कोणती सोयीची, याचा विचार आपल्या व्यापारी संघटनांनी आणि सहकारी संस्थांनी जरूर करावा.

माझे मत असे की हिशेब मागणाऱ्या कागदाला सरसकट विरोध करू नये आणि सरसकट मानही डोलवू नये. प्रत्येक नव्या पत्रकाला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, लहानाला यातून सूट आहे का? दुसरा, हेच आधी कुठे लिहून दिलेले आहे का? तिसरा, आम्ही लिहिलेल्या आकड्यांचा गोषवारा आम्हाला परत पाहायला मिळणार का? तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर तो कागद मुकाट्याने भरावा, वेळेवर भरावा आणि खरा भरावा. एकाचेही उत्तर नसेल तर संस्थेने ठराव करून ते मागावे. ऊस उत्पादकाने तरी हिशेबाला नाके मुरडू नयेत. वजनकाटा, उतारा आणि अंतिम दर हे तिन्ही आपण हिशेब मागितल्यानेच मिळतात.

आता त्या मूळ देशाच्या नोंदीकडे येऊ. भारताच्या ताज्या द्राक्षांच्या गिऱ्हाईक देशांत नेदरलँड्सचे नाव वर्षानुवर्षे अगदी वरच्या ओळीत असते. त्या देशाची लोकसंख्या जेमतेम पावणेदोन-दोन कोटी. एवढी द्राक्षे तिथले लोक एकटे थोडीच खातात? पेट्या रॉटरडॅम बंदरात उतरतात, जकात तिथे भरली जाते आणि मग बराच माल पुढे दुसऱ्या देशांत जातो. आपल्या वहीत नाव नेदरलँड्सचे, आणि खाणारा कदाचित जर्मन. आकडेवारीवाले याला रॉटरडॅमचाच परिणाम म्हणतात. पण पुढे पाठवणारा डच व्यापारी पत्रकाच्या मर्यादेवर असेल, तर २०२२ पासून त्याला जावकेत लिहावे लागते की या मालाचा मूळ देश भारत. साखरेचेही तसेच. म्हणजे आपला माल कुठवर पोहोचतो, याचा माग तिकडच्या वहीत आता राहतो. देशवार आणि मालवार एकूण आकडे तिकडचे सांख्यिकी कार्यालय प्रसिद्धही करते. ते वाचायचे कष्ट मात्र आपल्या बाजूच्या कुणीतरी घेतले पाहिजेत.

म्हणून दोन सूचना. पहिली सूचना द्राक्ष बागायतदार सभासदांना. युरोपला माल द्यायचा तर 'ग्रेपनेट'वर प्लॉटची नोंदणी होते, औषधांच्या अंशाची तपासणी होते, पेटीवरून बाग ओळखता येते. इतका माग आपण देतो, तर निर्यातदाराकडून आपणही उलट माग मागावा. 'माल रॉटरडॅमला गेला' यावर समाधान मानू नये. पुढे कोणत्या देशाच्या बाजारात गेला, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रतीला मागणी होती, हे विचारावे. एकेकट्याने विचारले तर उत्तर मिळत नाही. गावच्या बागायतदारांनी मिळून विचारावे.

दुसरी सूचना संचालक मंडळाला आणि ती सर्वसाधारण सभेत मांडायलाही हरकत नाही. साखर व्यापारी निर्यातदारामार्फत बाहेर गेली की तिचे पुढे काय झाले, हे साखर कारखान्यांच्या सभासदांना सहसा कळत नाही. अहवालात एकूण क्विंटल आणि एकूण रक्कम एवढेच दिसते. यापुढे ज्या हंगामात निर्यात होईल, त्या हंगामाच्या अहवालात एक लहानसा तक्ता द्यावा. कोणत्या बंदरातून, कोणत्या देशाला, कोणत्या प्रतीची किती साखर गेली आणि क्विंटलला सरासरी काय पडले. विक्रीच्या करारातच एक ओळ घातली की ही माहिती निर्यातदाराला द्यावी लागेल. याला खर्च नाही. त्याच्याकडे ती असतेच.

युरोपातल्या बीटवाल्याला आपल्या साखरेचा ओघ महिन्याच्या महिन्याला पाहता येतो, तो तिथल्या व्यापाऱ्याने दरमहा पत्रक भरलेले असते म्हणून. आपल्याला आपल्या साखरेचा ओघ वर्षातून एकदा तरी दिसावा. एवढे मागायला कायदा बदलावा लागत नाही, सभेत हात वर करावा लागतो.